आर न लागलेलं कातडं

खापरीच्या गोविंदा चांभाराला एक खोड होती, आणि ती त्याच्या बापापासून आलेली होती. कातडं हातात आलं की गडी गप्प बसायचा नाही. डोळे मिटायचा, अंगठा मानेकडून शेपटीकडे पाठीच्या कण्यावरून सावकाश न्यायचा, आणि सुरू व्हायचा: "हा बैल उजव्या अंगाले जुपत होते. मालक मोठा तापट असंल, पुठ्ठ्यावर आरीचे टोचेच टोचे हायेत. येक साल उपाशी काढलं यानं, पोटाकडलं कातडं पाहा कसं ढिलं पडलं." लोक खरंखोटं करायला मालकाकडे जात. मालक कपाळावर हात मारून म्हणे, "अरे बाप्पा! हे त्याले कोणं सांगतलं?"

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय मोठंसं? नसेलही बुवा. पण ज्याला शेत नाही, मळा नाही, चार ढोरं नाहीत, त्याला छाती काढून चालायला एवढंसंच पुरतं. गोविंदा चालायचाही तसाच, दारव्ह्याच्या बाजारात पाटलाच्या बरोबरीनं. बायको तानाबाई त्याला म्हणे, "अवो, हळू बोलत जा जरा. हात दाखवून अवलक्षण कायले?" तो नुसता हसे. त्याचं बोलणं ऐकायला माणसं थांबत होती, मग तो का नाही हसणार?

जोडे तो सगळ्या गावाला शिवून द्यायचा. पण त्याच्या हातची खरी वस्तू म्हणजे शिकारी थैला, आणि तो फक्त टांड्यासाठी. खापरीच्या वरच्या अंगाला पळसाच्या रानाला लागून बंजाऱ्यांचा टांडा होता. यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता ही माणसं कापूस आणि तूर पेरत होती, पण रानडुकराची शिकार काही त्यांच्या रक्तातून गेली नव्हती. भरमार बंदूक निघाली की तिच्यासोबत थैला निघायचा. त्यात दारू, छर्रे, टोप्या, सुरी, आणि मागच्या कप्प्यात भाकर.

थैल्याचं कातडं निवडणं म्हणजे पोरगी पाहायला जाण्यासारखं, असं गोविंदा म्हणायचा. गडबड केली की जन्मभर भोगा. अंगाला बैलाच्या पाठीचं कातडं. पोटाचं घेतलं तर ते ताणतं आणि वर्षभरात थैला लोंबायला लागतो. खांद्याचा पट्टा म्हशीचा, आतलं अस्तर बकरीचं. कातडं दुमडून पाहायचं. पडलेली रेघ मिटली तर बरं, राहिली तर सोडून द्यायचं. थुंकीचं बोट लावायचं. कातड्यानं ते झटकन पिलं तर पावसात दारू भिजलीच म्हणून समजा. गोचिडाची भोकं उजेडाला धरून बघायची. आणि सगळ्यात शेवटी आर. बैल हाकायच्या काठीच्या, म्हणजे तुतारीच्या, टोकाची लोखंडी आर जिथे जिथे बैलाला टोचली असेल तिथे कातडं आतून गाठ धरतं, आणि पुढे थैला बरोबर त्याच जागी फाटतो. कामाच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर अशा गाठी नाहीत असं होतच नाही. त्या चुकवून कापण्यातच गोविंदाची सगळी कला होती.

आरीवरून आठवण झाली म्हणून धवळ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं. धवळ्या हा टांड्याचा देवाचा बैल. त्याच्या मानेवर कधी जू पडलं नाही, पाठीवर गोणी पडली नाही, अंगाला आर लागली नाही. शिंगांना लाल कापड, कपाळावर कवड्यांची पट्टी, गळ्यात घुंगरांचा रुंद पट्टा. तो पट्टा गोविंदानंच शिवून दिला होता. टांड्यात कोणी आजारी पडलं की धवळ्याला त्याच्या दारात नेत. त्यानं खाली बसावं, दिवा ओवाळून घ्यावा, आणि लोकांनी समजावं की देव आला, आता भिऊ नका.

गोविंदाची एकुलती एक पोरगी रुपी लहानपणी गोवरानं पार गेल्यासारखी झाली होती. तेव्हा टांड्याचा नायक नेमसिंग स्वतः धवळ्याला दोरी धरून चांभाराच्या दारात घेऊन आला. टांड्यातल्या काहींनी नाकं मुरडली. नायक म्हणाला, "देवाले जात पुसता का रे?" धवळ्या दारात बसला. तानाबाईचा हात असा कापत होता की ओवाळताना पेटती वात उडून त्याच्या पुठ्ठ्यावर पडली. चिंचोक्याएवढा चटका बसला. बैल तसूभर हलला नाही. तानाबाई मग जखम भरेपर्यंत रोज टांड्यावर जाऊन लोणी लावून येत राहिली. रुपी वाचली. तेव्हापासून तानाबाईसाठी देव म्हणजे धवळ्या. देवळात ती जात नसे आणि तिला कोणी येऊही देत नसे.

मग छप्पन साल आलं. नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि खापरीच्या बौद्ध झालेल्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. चांगलंच केलं! सडलेलं मढं ओढायचं आणि वर शिव्या खायच्या, हे कोणी किती पिढ्या करायचं? गोविंदालाही ते पटत होतं, तो तसं बोलूनही दाखवायचा. पण त्याच्या भिजवायच्या कुंडीकडे येणारं कातडं त्या दिवसापासून आटलं. मेलेलं ढोर आता शेतमालक जागच्या जागी पुरायला लागले. दारव्ह्याचा कातडं कमावणारा म्हातारा वारला आणि त्याची पोरं मिलमध्ये लागली. गावचे लोक दुकानातले जोडे घालू लागले. बघता बघता गोविंदाकडे टांड्याचं काम तेवढं उरलं. दोन-तीन वर्षं त्यानं जुन्या मोटेच्या कातड्यातून तुकडे काढून कशीबशी ओढली. त्यातच एका पौषात म्हातारा धवळ्याही गेला. टांड्यानं त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून, खड्ड्यात पोतंभर मीठ घालून, गळ्यातल्या घुंगरांसकट टांड्याच्या देवाच्या ओट्याजवळ पुरला. गोविंदा लांब उभा राहून पोरासारखा रडला.

त्याच साली नायकाच्या मुलीचं, जमनीचं लग्न वैशाखात ठरलं. नायकाच्या घरची रीत अशी की जावयाला हातानं शिवलेला शिकारी थैला द्यायचा. नायक गोविंदाच्या ओट्यावर येऊन बसला. "गोविंदा, व्याही नेरकडचे हायेत. ते म्हणून राह्यले का यवतमाळच्या दुकानात किरमिचाचे, जाड कापडाचे थैले भेटते, कायले चांभाराची वाट पाहाता? मी सांगतलं, आमचा गोविंदा कातड्याले हात लावून ढोर सांगते. असा थैला देतो का तुमी पाहातच राहान. माहं नाक तुह्या हाती हाय गा."

"तुमी काळजी करू नका नायक," गोविंदा म्हणाला. तोंडानं म्हणाला खरं. घरात बकरीचं अस्तर होतं, म्हशीचा पट्टा होता, पण अंगाला लावायला वीतभर कातडं नव्हतं. आणि हा थैला हातचा गेला म्हणजे जावयासोबत टांडाही दुकानाकडे वळणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. टांडा गेला की खापरीत राहून करायचं काय? रुपी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट हनुवटीला लागलेलं. तिला घेऊन कुठे खडी फोडायला जायचं?

तो फिरला. बाप रे, किती फिरला! नेरला गेला, दिग्रसला गेला, लोहाऱ्याला जाऊन आला. कुठे गिरणीचं कडक, चकचकीत कातडं मिळायचं, दुमडलं की पापडासारखं मोडणारं. कुठे नुसते पोटाचे लोंबते तुकडे. एका ठिकाणी बरं मिळालं, तर उजेडाला धरल्यावर गोचिडानं चाळणी केलेली. पायांना फोड घेऊन घरी यायचा आणि भाकर पुढ्यात ठेवून बसून राहायचा. तानाबाई म्हणे, "जेवा तं आधी." तो म्हणे, "घास उतरत नाही व." रुपी भिंतीला पाठ लावून बापाकडे बघत राही. तिला वाटायचं, आपण इथे आलोच नसतो तर बरं झालं असतं. आणि ते तिच्या तोंडावर दिसलं की गोविंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लग्न तोंडावर आलं असताना दारव्ह्याच्या बाजारात लिंबाखाली एक अनोळखी लंगडा माणूस एकच कातडं पसरून बसलेला त्याला दिसला. बाभळीच्या सालीत कमावलेलं, लालसर, दाट. गोविंदानं गुडघे टेकले. दुमडून पाहिलं, रेघ मिटली. थुंकीचं बोट लावलं. कातडं सुस्त बसून राहिलं. उजेडाला धरलं, एक भोक नाही. त्यानं डोळे मिटले आणि अंगठा कण्यावरून न्यायला सुरुवात केली. भोवती नेहमीचे चार जण जमलेच होते. "हं, सांग गोविंदा! कोणाचा बैल?"

अंगठा पुठ्ठ्यापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. एकही गाठ नाही. मानेचा भाग कापून टाकलेला होता, पण खांद्याकडच्या कातड्यावर जू ओढल्याचा ताण कुठेच नव्हता. पुठ्ठ्यावर एक बारकासा डाग मात्र होता. कोणत्या ढोराला नसतो डाग?

"सांग ना बे!"

"चांगलं हाय," गोविंदा म्हणाला आणि उठला. बस्स, एवढंच. जन्मात पहिल्यांदा तो कातड्यावर हात ठेवून गप्प राहिला, आणि जमलेले लोक हिरमुसून पांगले. ज्याला कधी आर लागली नाही आणि ज्यानं कधी जू ओढलं नाही, असा बैल दारव्हा तालुक्यात कोणाकडे असतो, हा प्रश्न त्यानं त्या लंगड्याला विचारला नाही. स्वतःलाही विचारला नाही. आत काहीतरी उठत होतं, ते त्यानं दाबलं. असंल एखाद्या मालगुजाराचा लाडाचा गोऱ्हा, म्हणाला. बुडत्याला काडी मिळाली की तो काडीची जात विचारतो का? मोलासाठी घरून आणलेली तांब्याची घागर त्यानं बदल्यात दिली आणि कातडं खांद्यावर टाकून जवळजवळ पळतच घरी आला.

आणि थैला असा जमला म्हणता! गाठी चुकवायच्या नव्हत्या, कातडं कापायची रापी लोण्यातून जावी तशी गेली. मेणाचा दोरा, बारीक टाका, झाकणाला गोल कड. तो बारका डाग त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला जाईल असा कापला होता. रुपी किती दिवसांनी हसली. म्हणाली, "बाबा, असा तं तुमी कधीच नोयता शिवला." गोविंदाही हसला, पण त्याला त्या थैल्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. थकलो असेन, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

शेवटचं काम तेल लावायचं. ते नेहमी तानाबाईचं. सकाळी उन्हाला बसून तिनं मांडीवर थैला घेतला, बोटांनी तिळाचं तेल जिरवू लागली. अंग झालं, पट्टा झाला, झाकण उलटलं. तेल जिरलं तसा आतला डाग काळा होऊन वर आला. चिंचोक्याएवढा. एका बाजूनं निमुळता. तानाबाईचं बोट त्यावर गेलं आणि तिथेच थांबलं. किती दिवस त्याच बोटानं तिनं त्या जागी लोणी लावलं होतं!

ती ओरडली नाही. तिनं फक्त थैला मांडीवरून उचलला आणि दोन्ही हातांवर धरला.

"अवो," ती म्हणाली, "हा चटका माह्या हातचा हाय."

गोविंदा दारात उभा होता. त्यानं विचारलं नाही की कसला चटका.

तानाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले समजलं होतं?"

त्यानं अंगठा मुठीत लपवला. तोच त्याचा जबाब. तानाबाईनं थैला खाली ठेवला आणि कपाळ जमिनीवर आपटायला लागली. "माय वो! ज्यानं माही पोरगी वाचवली त्याले तुमी टाके घातले? त्याच्यात छर्रे भरान? आता रुपी बाळंत होणार हाय, मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?" आतून रुपी धावत आली, पोटाला हात धरून. तिला काय झालं ते कळेना; आई रडते आहे आणि बाप भिंतीसारखा उभा आहे एवढंच तिला दिसलं.

आता करायचं काय? थैला जावयाच्या हातात दिला तर देव विटाळला. नाही दिला तर नायकाचं नाक कापलं. नायकाला खरं सांगावं तर टांडा म्हणणार, चांभारानंच उकरला. इकडे आड तिकडे विहीर, आणि मागून वैशाखाचं ऊन. शेवटी तानाबाईच डोळे पुसून म्हणाली, "देवाचं देवाले देऊन या. मंग गाव सोडाचं तं सोडू."

त्या दिवशी बाजार होता. टांड्यातली माणसं दारव्ह्याला गेलेली, बाया तुराट्या आणायला रानात. भर दुपारी गोविंदा थैला धोतरात गुंडाळून, कुदळ घेऊन ओट्याजवळ गेला. माती अजून भुसभुशीत होती. उकरता उकरता तो बडबडत होता, "माफ कर रे बापा, माफ कर. पोटासाठी डोळे मिटले मी." हातभर खाली गेला असेल नसेल, तोच मागून किंकाळी ऐकू आली. नायकाची बायको बिजलीबाई ओट्यावर पाणी घालायला रोज येत असे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोकं होतं कुठे जाग्यावर? देवाच्या थडग्यात उभा चांभार, हातात कुदळ, पायाशी नवं कोरं कातडं. याच्या पुढे तो काय बोलणार होता?

तो पळाला नाही. माणसं बाजारातून परत येईपर्यंत खड्ड्याच्या काठावर डोकं धरून बसून राहिला. मग टांडा ओट्याजवळच्या लिंबाखाली जमला. पुढे खणलं तर आत हाडं, आणि मानेच्या हाडांवर गोविंदानं शिवलेला घुंगरांचा पट्टा, त्याखाली मानेचं कातडं जसंच्या तसं. घुंगरं वाजतील या भीतीनं चोरानं तेवढं सोडलं होतं. बायांनी हंबरडा फोडला. नायकाचा धाकटा भाऊ बाबूसिंग कुऱ्हाड घेऊन पुढे आला. "याचे हात आधी तोडा, मंग बोला!"

"बजारातून आणलं मी," गोविंदा म्हणाला. "येक लंगडा माणूस होता. मी नाही उकरला. परत द्याले आलतो."

"बजारातून?" बाबूसिंग गरजला. "आन् तू तं कातडं पाहून ढोर सांगते ना बे? साऱ्या मुलखात डंका हाय तुहा! आमचा देव तुले ओळखू नाही आला? ओळखून आणलं असंल तं चोरापेक्षा बरा हाय का तू?"

बाबूसिंग बोलला ते खोटं नव्हतं. जन्मभराची फुशारकी आता त्याच्याच गळ्याभोवती आली होती. गर्दीच्या कडेला तानाबाई उभी होती, रुपीला कवेत धरून. रुपीचे ओठ पांढरे पडले होते.

नायक नेमसिंग खाटेवरून उठला. म्हातारा गोविंदाच्या अगदी जवळ आला, इतका की त्याच्या अंगाचा तंबाखूचा वास यावा. "गोविंदा, मले येकच सांग. हात लावला तवा ओळखलं होतं का नाही?" आवाज कडक होता, पण डोळे वेगळंच सांगत होते. नाही म्हण, असं ते सांगत होते. नाही म्हण लेकाच्या, नाही तर मी तुला वाचवू शकणार नाही.

गोविंदाला बाजारातला तो क्षण आठवला. अंगठा पुठ्ठ्यावरून जातो आहे, एक गाठ नाही, आणि आतून कोणीतरी नाव सांगतं आहे. ओळखलं होतं. त्या क्षणी, त्याच जागी ओळखलं होतं. चुकला असता तर बरं झालं असतं असं त्याला आता वाटत होतं, पण त्याचा अंगठा कधी चुकतच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "मले कातड्यातलं काही समजत नाही, नायक. बाप बोले म्हणून मी बी बोलत होतो. लोकायले खरं वाटे. सारं अदमासपंचे."

"खोटं!" बाबूसिंगनं पायातली चप्पल काढून त्याच्या अंगावर फेकली. "सांग हे कायचं कातडं हाय?"

गोविंदानं चप्पल उचलली. ती त्यानंच शिवली होती, मागच्या दिवाळीत. जुन्या म्हशीच्या मानेचं, जाड, दाणेदार कातडं. आंधळ्यालाही सांगता आलं असतं. त्यानं ती उलटी केली, सुलटी केली, नाकाशी नेली. सगळा टांडा बघत होता.

"बकरीचं असंल," तो म्हणाला.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग एक पोरगी फिस्सकन हसली. मग एक म्हातारी. मग सगळेच. "बकरीचं म्हणते! अरे बाप्पा, बकरीचं!" डोळ्यांत पाणी असलेली माणसं पोट धरून हसायला लागली. बाबूसिंगची कुऱ्हाड खाली आली. अशा येड्याचे हात तोडून काय करायचं? त्या हसण्यानं गोविंदा वाचला. मान खाली घालून, हातात चप्पल घेऊन तो उभा होता, आणि आपलं सगळं आयुष्य लोक कसे पायाखाली तुडवत आहेत ते ऐकत होता. हसले नाहीत ते फक्त तिघं. तानाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. रुपी बापाकडे टक लावून बघत होती. आणि नायक पाठ फिरवून खाटेकडे चालला होता.

थैला धवळ्याजवळ पुरला, नवं मीठ टाकून. जमनीच्या नवऱ्याला यवतमाळच्या दुकानातला किरमिचाचा थैला मिळाला आणि व्याही खूश झाले. रुपी सुखरूप बाळंत झाली. तानाबाई नातीला न्हाऊ घालताना म्हणाली, "देवानं घ्याचं ते तुमच्या हातातलं घेतलं. माह्या पोरीच्या पोटातलं नाही घेतलं." गोविंदानं मान हलवली. त्याला ते पटलं होतं, आणि ते सोसत नव्हतं.

ज्याला म्हैस आणि बकरी ओळखता येत नाही त्याला काम कोण देणार? टांड्यानं दिलं नाही, गावानंही नाही. गोविंदा दारव्ह्याच्या बाजारात तुटक्या चपला सांधायला बसू लागला. आणि एक नवी खोड त्याला लागली. कोणी चप्पल पुढे केली की तो आधी विचारायचा, "कायचं कातडं होय भाऊ हे?" पोरंटोरं मुद्दाम येऊन सांगत, "वाघाचं! उंदराचं!" तो म्हणे, "असंल, असंल." बाजार लोटपोट हसे. टांड्यातलं कोणी कुठून बघत असेल याचा नेम नव्हता. एकदा बोललेलं खोटं त्याला रोज नव्यानं खरं करून दाखवावं लागत होतं. विचारल्याशिवाय त्यानं टाका घातला असं पुढच्या वर्षांत कोणी पाहिलं नाही.

मोठ्या पोळ्याच्या आधीचा एक बाजार होता. नायक नेमसिंग काठी टेकत आला आणि त्याच्यासमोर पोत्यावर बसला. पार थकला होता म्हातारा. झोळीतून त्यानं आपला जुना शिकारी थैला काढला. त्याचा पट्टा तुटला होता. हा थैला गोविंदानं तरुणपणी शिवलेला.

गोविंदानं तो घेतला. "कायचं कातडं होय नायक?"

नायकानं आजूबाजूला पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. हळूच म्हणाला, "तूच सांग आज. कोणाचा बैल होता रे हा? तवा सांगतलं होतं तू मले, मी भुलून गेलो."

गोविंदाचे ओठ हलले. मग त्याची नजर समोर गेली. पलीकडे गुळाच्या दुकानावर बाबूसिंग ढेप फोडून घेत उभा होता.

"मले कुठी समजते, नायक," तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला.

पण दुसरा हात थैल्यावर होता, आणि त्या हाताचा अंगठा आपल्या आपण चालला होता. मानेकडून शेपटीकडे, कण्यावरून, सावकाश. एका गाठीपाशी थांबला, तिला वळसा घालून पुढे गेला. गोविंदाला त्याचा पत्ता नव्हता; तो सुईकडे डोळे बारीक करून बघत होता. नायकाला मात्र ते दिसलं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

"बकरीचं होय, गोविंदा," तो म्हणाला.

"तुमी म्हणता तं बकरीचंच असंल," गोविंदा म्हणाला. आणि अंगठा थांबेपर्यंत नायक तिथेच उन्हात बसून राहिला.